आवडीचे पाय

२ जुलै १९५५, आरोंदा
आज आश्रमातल्या तान्ह्या आवडीचे दोन्ही तळवे माझ्या हातावर सपाट टेकले. उजवा केव्हाच आला होता. डावा हट्टी, तो आज आला. जानेवारीत मी इथे आले तेव्हा दोन्ही पावलं इतकी आत वळलेली, की तळवे एकमेकांकडे बघत होते. तेव्हापासून दर आठवड्याला प्लास्टर कापायचं, पाय थोडा वळवायचा, परत प्लास्टर. पोर किंचाळायचं आणि माई देवघरात जाऊन बसायच्या.
आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण घटकाभर. आता सावंतवाडीच्या मोच्याने केलेले बूट. दोन बूट, मधे लोखंडी पट्टी. मी त्याला बूटपट्टी म्हणते. चालायला लागेपर्यंत दिवसरात्र, पुढे तीन वर्षं तरी झोपताना. नाही घातली तर पाय परत जातात. सगळं पाण्यात.
गोविंदचे पाय पोलिओने गेलेत, त्याला दोरी धरून उभा केला. उभा राहिला आणि मला चावला.

११ जुलै
पाऊस थांबायचं नाव नाही. पाळणाघरात तीन ठिकाणी गळतंय.
स. उठून बघते तर आवडी मोकळ्या पायांनी लाथा झाडतेय आणि बूटपट्टी खुंटीला. भागीचं काम. भागी आमची दाई, मुलांना आंघोळी घालते, जीव लावते आणि माझं केलेलं सगळं मोडते.
"रडा होता गो बाय. आवसबापूस नाय त्या पोराक, वयसून कित्याक बांधून घालतस?"
मी नको ते बोलले. तुझ्या मायेने ती लंगडी होईल असं म्हणाले. भागी दिवसभर माझ्याशी बोलली नाही, पेज मात्र वेळेवर आणून ठेवली. डाव्या पायाला थोडा ताठा आलाय. एका रात्रीत.
मुंबईच्या इस्पितळात चार वर्षं शिकले तिथे कुणी सांगितलं नव्हतं की पायाशी लढाई सोपी, माणसांशी अवघड.

१७ जुलै
सं. माईंनी बोलावलं. माई म्हणजे या आश्रमाच्या सर्वेसर्वा. नवरा मास्तर होता, तो गेल्यावर घर पोरक्या मुलांना दिलं. मला पगार नाही, पण त्यांनाही नाही, म्हणून आमचं जमतं.
मालवणचे एक तांडेल आवडीला बघायला येणार आहेत. स्वतःचं गलबत. पावसाळ्यात गलबत किनाऱ्यावर शाकारून ठेवलेलं, म्हणून माणूस घरी. बायकोची दोन मुलं जन्मून गेली. कुणीतरी सांगितलं की चांगल्या पायगुणाची मुलगी घरात आणा, मग पोटचं टिकेल. नारळी पौर्णिमेच्या आत आणायची, म्हणजे गलबतालाही लाभेल.
मी हसले. म्हटलं, पायगुण शोधायला सबंध कोकणात हेच घर सापडलं त्यांना?
माई हसल्या नाहीत. विचारलं, बूट कधी निघतील. म्हटलं, तीन वर्षांनी. त्यांनी समईची वात पुढे केली आणि विषय संपला.
मी स्पष्ट सांगून ठेवलंय, मुलगी द्यायची तर बुटांसकट द्यायची. आधी सांगून. बघून नको म्हणाले तर नको.

२३ जुलै
पलीकडून, गोव्यातून, निरोप. आई आजारी, पेडण्याला ये. होडीवाला तारी सांगतो की खाडीपार नेणारी तर अजून चालू आहे, पण कधी बंद होईल नेम नाही. सत्याग्रही जमताहेत, दोन्ही नाक्यांवर माणसं वाढलीत. समोरच्या काठावरचे माड इथून दिसतात, तेही परदेशी. माझा परवाना ऑगस्टअखेरपर्यंत.
नाक्यावरचा हवालदार रोजच्यासारखा विचारतो, तुम्ही पलीकडच्या ना? जसं काही माझ्या कपाळावर पोर्तुगालचा शिक्का आहे.
जाते. भागीला चारदा सांगितलं बूटपट्टी काढू नकोस. तिने देवाची शपथ घेतली. कुठल्या देवाची ते विचारायला हवं होतं.

२९ जुलै
आवडी नाही.
पाळणा रिकामा. बूटपट्टी खुंटीला.
परवा नेली. माईंनी तिला नवं झबलं घातलं, पायांत चांदीचे वाळे घातले आणि तांडेलांच्या बायकोच्या मांडीवर दिली. त्यांनी पाय बघितले. मी सरळ केलेले पाय. सासूने तळव्यांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, आणि मुहूर्त होता म्हणून लगेच मोटारीत बसली सगळी. बुटांबद्दल कुणी एक अक्षर बोललं नाही.
भागी रडत होती. मी नाय काढलंय, माईंनी काढले, एवढंच म्हणत राहिली.
माझ्या हातांनी केलेलं कामच त्या बाईला फसवायला वापरलं. हात धुवावेसे वाटताहेत.

३० जुलै
माईंशी भांडण. मी असं कधी कुणाशी भांडले नाही.
म्हटलं, मुलगी बघायला आले की दोष झाकतात तसा तुम्ही हिचा झाकलात. महिन्याभरात पाय वळणार. मग?
माई जात्याशी बसल्या होत्या. हात थांबला नाही. "तुका पाय दिसतत. माका चेडू दिसता. सांगलंय असतंय तर कोण नेतलो तेका? हय ऱ्हवान पाय सरळ आणि आवस नाय, ता बरा?"
म्हटलं, आणि पाय वाकडे झाल्यावर परत पाठवली तर?
तेव्हा जातं थांबलं. "एकदा आवस म्हटल्यार कोण परत धाडता?" त्यांना हे खरंच वाटतं. मला नाही वाटत. या पाळण्यांत दोघं परत आलेली आहेत.
मला गप्प बसायची शपथ घालायला निघाल्या होत्या. मी उठून आले.

३ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
खाडीवर नारळ सोडले. सगळं गाव काठावर. मी गेले नाही. गोविंदला मालिश केलं, तो झोपला तरी करत बसले.
आत्ता तिचा डावा पाय कुठल्या दिशेला असेल याचाच विचार.

८ ऑगस्ट
मालवणला निघाले. बूटपट्टी धडप्यात गुंडाळून पिशवीत. सावंतवाडीपर्यंत मोटार मिळाली. पुढे कुडाळकडे नदी रस्त्यावर, ड्रायव्हरने हात वर केले. स्टँडवर दिवसभर भिजले, संध्याकाळी परत. माईंनी विचारलं नाही कुठे गेले होते, पण गरम पाणी ठेवलं.
अंग दुखतंय. चीड येतेय ती पावसाची की माईंची की माझीच, कळत नाही.

१३ ऑगस्ट, मालवण
पोचले. घर सापडायला वेळ लागला नाही. तांडेलांची पोर म्हटल्यावर सगळ्यांना माहीत, गावभर साखर वाटली होती.
आश्रमातली नर्स, बाळाला बघायला आले, असं सांगितलं. सासूने पाट मांडला, चहा दिला. तांडेल जाळी दुरुस्त करणाऱ्यांत बाहेर होते. उंच माणूस, कमी बोलणारा. आवडी सुनेच्या कडेवर. मला बघून हसली. पाय लुगड्याच्या पदराखाली झाकलेले. सासू म्हणाली, सर्दी होता म्हणून सून पाय उघडेच टाकत नाही.
सुनेचं नाव सुगंधा. बाळाला न्हाऊ घालते, तुम्ही बघा म्हणाली आणि मला मागच्या न्हाणीत घेऊन गेली. दार लोटलं. पदर काढला.
डावा पार आत. उजवाही निघालाय.
सुगंधा कुजबुजत बोलली. "इली तेव्हा सरळ होते. माझ्या हातात इल्यार असे झाले. दोन पोरां गेली, आता हेचे पाय. माझ्यातच काय वायट आसा."
न्हाणीच्या दगडावर बसले आणि सगळं सांगितलं. जन्मापासूनचे. प्लास्टर. बूट. तुझा काही दोष नाही. पिशवीतून बूटपट्टी काढून दाखवली.
मला वाटलं तिला हायसं वाटेल. ती घाबरली. माझं मनगट धरलं. "घोवाक सांगू नको. तेंका कळला तर परत धाडतले हेका. माझ्यावर येऊं दे. माझ्या हातान झाले म्हणांदेत."
म्हटलं, तुझ्यावर आलं तर तुला काय करतील?
"माका काय करूचा ता करूं देत. चेडू हय ऱ्हवांदे."
बूट ठेवून घे म्हटलं तर नको. सासू बघेल. मग न्हाऊ घालताना पाय कसा धरायचा, टाच कशी खाली ओढायची, चवडा कसा बाहेर न्यायचा ते दाखवलं. तिचे हात चांगले आहेत, भागीपेक्षा शंभर पटींनी. पण नुसत्या हातांनी काय होणार? धरलं की येतो, सोडलं की जातो.
बूटपट्टी परत पिशवीत.

१४ ऑगस्ट
परतीच्या मोटारीत. हे झटक्यांमुळे वाचता येणार नाही.
मी काय करून आले? एका लबाडीची दोन झाली. आधी माई लपवत होत्या, आता सुगंधा लपवते, आणि मी दोघींसाठी.

१६ ऑगस्ट
काल सीमेवर सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. माणसं गेली. गावात चूल पेटली नाही बऱ्याच घरांत. हवालदार आज मला काही म्हणाला नाही, फक्त बघितलं. पाणवठ्यावर दोघीतिघी माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मी काय पाखल्यांची, त्या पोर्तुगिजांची फौज आणली होती?

२० ऑगस्ट
खाडीवरची तर बंद. तारी होडी उलटी घालून बसलाय. परवाना असून नसून सारखा. आईकडे निघायचं होतं तर गेल्या आठवड्यातच निघायला हवं होतं, आणि तेव्हा मी मालवणला होते.
आई कशी आहे कळायला मार्ग नाही. शेवटचं बघितलं तेव्हा ती उशाला टेकून बसली होती आणि मला म्हणाली, परक्या मुलांचे पाय सरळ करतेस, माझे दाबून दे जरा. दाबले. घाईघाईत.
आज खूप रडले. लिहून ठेवते, म्हणजे उद्या नाकारता येणार नाही.

२४ ऑगस्ट
गोविंद आधार न धरता उभा राहिला. भागीने टाळ्या वाजवल्या, माईंनी गूळ वाटला. मी आत जाऊन पडले. या घरातल्या एका तरी मुलाचं काम मी पूर्ण करू शकेन का, एवढंच डोक्यात.
मालवणची काही खबर नाही. सुगंधा रोज करत असेल का? पाय दुखला की पोर रडणार, रडलं की सासू येणार.

२९ ऑगस्ट
दु. पाऊस उघडला होता. मोटारीतून तांडेल उतरले, मागे सुगंधा, तिच्या कडेवर आवडी. पाय उघडे. सगळ्या वाटेने उघडेच आणले असणार.
माई ओसरीवर आल्या आणि खांबाला धरून उभ्या राहिल्या. तांडेलांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्यानेच बोलले, आवाज न चढवता. मालवणात सगळे म्हणतात, सरळ पायांची पोर यांच्या घरात येऊन वाकडी झाली. घराला काहीतरी आहे. आई म्हणते घराला नाही, सुनेला आहे. देवळात विचारून झालं, दोनदा कौल लावला, उत्तर मिळालं नाही. सुनेला माहेरी धाडायचं ठरतंय. दुसरी करावी असंही घरात बोलणं निघालंय. तिला धाडायच्या आधी एकदा इथे विचारावं म्हणून आले.
मग माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही पायांचा शिकल्यात असा ऐकलंय. खरा सांगा. हे आमच्याकडे वाकडे झाले, की आधीचे?"
सुगंधा त्यांच्या मागे उभी होती. मला बघून मान हलवत होती. नको. नको. डोळ्यांत पाणीसुद्धा नव्हतं, नुसतं नको.
माई माझ्याकडे बघत नव्हत्या.
मला आवडी परत येताना दिसत होती, आणि ही बाई माहेरच्या ओसरीवर बसलेली दिसत होती, जन्मभर, स्वतःचे हात बघत. दोन्हींतलं एक मला निवडायचं होतं आणि दोन्ही माझी नव्हती.
"जन्मापासूनचे," मी म्हटलं. "मी सरळ केले होते. बूट घालून ठेवले असते तर राहिले असते. तुम्हाला सांगितलं नाही. तुमच्या घराचं काही नाही. हिचं तर मुळीच नाही."
सुगंधा होती तिथे खाली बसली.
तांडेलांनी माईंना विचारलं, खरं काय. माईंनी मान खाली घातली. मी त्यांना कधी मान खाली घालताना बघितलं नव्हतं. वाईट वाटलं. राग होता तरी वाईट वाटलं.
मला वाटलं ओरडतील. ते ओसरीच्या कडेला बसले, पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. "म्हणजे घराचा काय नाय," एवढं म्हणाले. आपल्याशीच. मग आवडीचा डावा पाय हातात घेतला. दोर बघतात तसा बघितला, मागून, पुढून. अंगठा दाबला. तिने पाय ओढून घेतला आणि त्यांच्या मिशीकडे बघत राहिली.
उठले. चेडू सध्या इथेच असू दे म्हणाले. आईशी बोलायला हवं, भावांशी बोलायला हवं. गलबत पाण्यात घालायचं आहे. सुगंधाला म्हणाले, चल.
ती उठली नाही.
दुसऱ्यांदा म्हणाले नाहीत. मोटारीच्या दिशेने गेले. वळून बघितलं की नाही ते मला दिसलं नाही, मधे गोठा येतो.

३० ऑगस्ट
सुगंधा माझ्याशी बोलत नाही. भागीशी बोलते, माईंशीसुद्धा दोन शब्द बोलली. मी समोर आले की आवडीला घेऊन मागच्या दारी जाते.
माई म्हणाल्या, "तुझा सत्य झाला. आता बघूया तेचा काय होता." त्या टोमणा मारत नव्हत्या, थकल्या होत्या. रात्रीचं जेवण दोघींनी एकाच चुलीपाशी.
मी खरं बोलले म्हणून बरं वाटायला हवं. वाटत नाही. ती मान हलवत होती, आणि मी तिच्याच भल्याचं म्हणून तिचं ऐकलं नाही. भागीही पोराच्या भल्यासाठीच बूट काढायची.

२ सप्टेंबर
आज सकाळी सुगंधा आवडीला घेऊन माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. खुंटीवरच्या बूटपट्टीकडे बोट केलं. दाखव.
प्लास्टरपासूनच परत सुरू करायला हवं, पाय फार गेलाय. पण प्लास्टर संपलंय आणि बेळगावचा माल अडकलाय, तोवर आहे तेवढं धरून ठेवायचं. मांडी घालून बसले, तिला समोर बसवलं. आधी टाच, टाच तळाला टेकल्याशिवाय पट्टा ओढायचा नाही. आवडी आकांत करत होती. सुगंधाचे हात थांबले नाहीत. ओठ आवळून एका पायाचा पट्टा लावला, बोट घालून बघितलं, जसं मी दाखवलं तसं.
मग खाली बघतच म्हणाली, "तो येतलो?"
मी म्हटलं, "पाय सरळ होतील. वेळ लागेल, पण होतील."
"मी ता विचारूक नाय."
मालवणहून खबर नाही. पलीकडूनही नाही. बाहेर भागी गोविंदला हाका मारत होती.
सुगंधाने दुसरा बूट घेतला, टाच आत बसवली, पट्टा ओढला आणि विचारलं, एवढो घट्ट पुरे काय.